पहिला रोडगा

मी मुळातच धास्ती घेणारी बाई. लेकरं घेऊन उघड्यावर मुक्काम करायचा, हा विचारच मला नको वाटायचा. पण नवस मीच बोलले होते. आमची धाकटी, चार वर्षांची चिमी, मुदतीच्या तापात अंथरुणाला खिळली होती. तेव्हा मी मारुतीला म्हटलं होतं, हिला उठून बसू दे, तुझ्या दारात मुक्काम करून रोडगे करीन. चिमी उठली, हिंडू-फिरू लागली, आणि मला मात्र साप, विंचू, थंडी एवढंच दिसू लागलं. खरं सांगते, ज्याने पोर वाचवली तो आपल्या दारात तिला सांभाळील, एवढाही विश्वास माझ्याजवळ नव्हता.

सत्तरनंतरची गोष्ट. हे तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. थंडीचे दिवस होते. एका शुक्रवारी आम्ही दोघं, थोरला बाळू आणि चिमी, कन्हान नदीकाठच्या एका लहानशा मारुतीपाशी गेलो आणि आंब्याखाली ताडपत्री बांधली. माझा काही डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी सकाळी गोवऱ्या पेटवल्या, वांग्याची भाजी शिजत टाकली, कणकेचे रोडगे निखाऱ्यात पुरले. चिमी सारखी पदर ओढत होती. "आई, भूक लागली वं." दुखण्यातून उठलेलं पोर ते, त्याला कुठून धीर असणार! पण नैवेद्याआधी घास द्यायचा नाही हे माझ्या हाडीमासी भिनलेलं. मी तिच्यावर खेकसले, "देव जेवल्याबिगर कोणालेच खायाले भेटणार नाही!" हे बाळूला घेऊन पाणी आणायला गेले होते. मी रोडगे उलटवले, मान वर केली, तर चिमी नव्हती.

ताडपत्रीत नाही, देवळात नाही. भोवताली पुरुषभर उंच तूर, त्यात चार वर्षांचं पोर कुठे दिसणार? हे परत येताच तुरीत शिरले, बाळू देवळापाशी थांबला, मी नदीकडे धावले. वाळूत तिची इवली पावलं उमटली होती. ती सरळ डोहाच्या दिशेला गेली होती आणि पुढे गुरांच्या खुरांत मिसळून गेली होती. मी हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. मग मी वाळूत बसले. नवस नाही, बोलणी नाही. एवढंच म्हटलं, "तुझी आहे. आता तूच पाह्य."

मागून चिमीचा आवाज आला. एका म्हाताऱ्या गुराख्याचं बोट धरून ती त्याला ओढत आणत होती. त्याच्या खांद्यावर फाटकी घोंगडी, पाय ढोपरापर्यंत ओले.

"बाई, तुमची काय हे? डोहाकडं चालली होती. म्या शेळी ढुंढून राहिलो होतो, त हेच दिसली. मले म्हणते, जेवाले चाल."

चिमी हरखून म्हणाली, "आई, मी देवाले आणलं वं! आता तरी देशीन ना मले?"

मी तिला छातीशी धरून ढसाढसा रडले. आंब्याखाली आलो, बाळूने यांना तुरीतून बोलावून आणलं. मी निखाऱ्यांतून पहिला रोडगा काढला, राख झटकली, फोडून त्यावर तूप ओतलं आणि पान म्हाताऱ्यापुढे मांडलं. हे हळूच म्हणाले, "अवं, नैवेद्य राहिला ना." मी म्हटलं, "तोच वाढून राहिली." दुसरं पान चिमीचं वाढलं. दोघं शेजारी बसून जेवली.

निघताना मी विचारलं, "बाबा, तुमची शेळी?" तो हसला. "ज्यानं हे पोरगी दाखवली, थो शेळीबी दाखवन." आणि घोंगडी सावरत, जराही घाई न करता, तुरीच्या बांधाने निघून गेला. मी त्याचं नाव विचारलं नाही. तो कोण होता याचा खल मी आजवर केला नाही, कोणाला करूही दिला नाही.

धास्ती माझी अजून गेलेली नाही. पण ती वाढली की मी त्या म्हाताऱ्याची चाल आठवते. शेळी हरवलेली, आणि पोटभर जेवून निवांत निघालेला. मारुतीराया, तुझे उपकार कसे फेडू? एवढंच करते, नैवेद्याचं ताट हातात घेतलं की आधी घरात कोणी उपाशी तर नाही ना, ते पाहते.