डोळ्यांतले शिंपले

माझ्या धाकट्या भावाला बंदराचा सगळा धक्का चकचक्या म्हणतो. त्याचं खरं नाव मीसुद्धा आता फक्त चिडले की घेते, आणि ते घेतलं की तो समजतो, आज घरात थांबण्यात अर्थ नाही.

धंदा त्याचा बोटींचे तळ साफ करण्याचा. तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी आणि कमरेला दोरीने बांधलेली पटाशी. बोटीच्या तळाला शंख-शिंपल्यांचं पुट चढतं, ते खरवडायचं. बोट पुढे ढकलणारा पंखा असतो, तो तारेच्या ब्रशाने घासायचा. बाकीचे पाणबुडे बोट चालण्यापुरतं काम करतात आणि वर येतात. आमचे शहाणे पंख्यात तोंड दिसेपर्यंत घासणार! बोटीचे मालक वरून दोरी ओढून ओढून थकायचे. “अरे बाबा, बास कर! तो परत पाण्यातच फिरणार आहे. मासे काय त्यात बघून भांग पाडणार आहेत?” यावर याचं उत्तर ठरलेलं, “मासे नाहीत बघत, पण मी बघितला ना.”

ही खोड लहानपणापासूनची. आई आम्हा दोघांना भांडी घासायला बसवायची. मी कशीबशी आटपून खेळायला पळायचे. हा मात्र एकेक भांडं उन्हात धरून बघायचा, पुन्हा घासायचा. आई सगळ्यांना सांगायची, याचा हात लागला की वस्तू नवी होते. ते वाक्य त्याच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं. लग्न त्याने केलं नाही, बायकोला घासूनपुसून ठेवेल या भीतीने कुणी मुलगी दिली नसेल असं मी म्हणते आणि तो हसतो. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात नळ आणि मोरी. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन. बोटींवर घालायच्या ताडपत्र्या मी शिवते. आमचं बरं चाललं होतं.

बंदराबाहेर खडक आहेत, त्यांच्यापलीकडे एका बोटीचा नांगर अडकला. तो सोडवायला याला नेलं. खाली गेला तर नांगराच्या साखळीखाली वाळूत एक कान. “आधी कानच दिसला गं ताई! मला वाटलं माणूस आहे. पाण्यात ओरडलो तर नाकातोंडात पाणी गेलं.” वाळू उपसली तर कानाला गाल, गालाला नाक, असं अख्खं डोकं निघालं. मानेपासून तुटलेलं, धातूचं, हिरवंगार. नांगराच्या साखळीनेच ते उघडं पाडलं असावं. याने ते जाळीत घालून वर आणलं आणि हातगाडीवरून घरी. वर झाकायला घेतली माझी अर्धवट शिवलेली ताडपत्री. तिला हिरवे डाग पडले ते पडलेच.

मी त्याच क्षणी म्हटलं, “संग्रहालयात फोन कर. आपल्या घरात ठेवायची वस्तू नाही ही.”

“करणारच आहे. पण असं?” त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं मला दाखवली. “असं बरबटलेलं द्यायचं? चकचक्याने दिलं आणि शेवाळासकट दिलं, असं म्हणतील लोक.”

“म्हणू देत की! लोकांना काय काम नाही?”

पण एकदा हात धुवून मागे लागला की तो माझ्या बापाचं ऐकणार नाही. आमच्या दोघांच्या बापाचं, म्हणजे. अंगणात पाट मांडला, बाजूला ॲसिडची बाटली, ब्रश, पटाशी. बोटींची कामं पुढे ढकलली. माणूस इतका रमलेला मी कधी पाहिला नव्हता. केसांची एकेक बट घासत होता. हिरवा थर उतरून खालून पिवळा धातू डोकावला की मला हाक मारायचा, “ताई, ये, बघ!” मी मशीन सोडून जायचे, बघायचे, आणि फोनचं विचारायचे. तो म्हणायचा, डोळे तेवढे राहिलेत.

डोळ्यांच्या खाचांत पांढरं काहीतरी गच्च बसलेलं होतं, मधे काळपट ठिपका. बोटीच्या तळाला चिकटलेली असली पांढरी शिंपली त्याने आयुष्यभर काढली. पटाशीचं टोक कडेने घालायचं आणि मनगट जरासं फिरवायचं, एवढंच. टक्. मशीनच्या आवाजातही मला ते ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. मग त्याने खाचा आतून घासल्या, वर बादलीभर पाणी ओतलं आणि सगळा चुरा मोरीतून गेला. त्यानंतर हात पुसून, केस विंचरून, नवा सदरा घालून त्याने फोन केला.

संग्रहालयातून एक बाई आली. माझी मुलगी शोभावी अशा वयाची असेल, खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. जुन्या वस्तू दुरुस्त करणं हेच तिचं काम. याने डोक्यावर माझी स्वच्छ ओढणी टाकून ठेवली होती. नवरी दाखवावी तशी ती त्याने अलगद उचलली. ऊन पडलं होतं आणि ते डोकं अस्सं झगमगत होतं की मलाही क्षणभर भरून आलं, खोटं कशाला बोलू?

बाई जवळ गेली, गुडघ्यावर बसली. याला वाटलं, दिपून गेली. तो म्हणाला, “फार घाण होती मॅडम. पण एक डाग ठेवला नाही.”

तिने हळूच विचारलं, “काका, डोळे?”

“शिंपली बसली होती त्यात. काढली.”

“पांढरी? मधे काळं?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

तेव्हा तिने फरशीला हात टेकला आणि खालीच बसली. मला म्हणाली, “मावशी, जरा पाणी देता?” पाणी पिऊन तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पूर्वीचे कारागीर असे पुतळे ओतायचे तेव्हा डोळे वेगळे करायचे. पांढऱ्या दगडाचे, बुबुळाला दुसरा गडद दगड. बसवायचे असे की पुतळा आपल्याकडे बघतोय असं वाटावं. समुद्रातून डोळ्यांसकट पुतळा निघणं फार दुर्मीळ. आणि तो हिरवा थर म्हणजे घाण नव्हती, त्याखाली मूळ कारागिराने घासून गुळगुळीत केलेली कातडी होती. ती आता ॲसिडने गेली.

माझा भाऊ उभाच होता. त्याच्या हातात अजून माझी ओढणी होती, तिच्या कडेने तो आपलं नख पुसत होता. मी आयुष्यात याला पुष्कळ बोलले आहे. त्या दिवशी ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द ओठांवर आले होते, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळले.

ती शिव्या देती तर बरं झालं असतं असं तो नंतर म्हणाला. ती फक्त विचारून गेली की मोरीचं पाणी कुठल्या बाजूने वाहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिठाची चाळणी गायब! बघते तर हा मोरीची जाळी उखडून आत कोपरापर्यंत हात घालून बसलेला. गाळ उपसायचा, माझ्या चाळणीत घ्यायचा, नळाखाली धरायचा. मोरीचं गटार गल्लीतून जातं आणि धक्क्यापाशी समुद्राला मिळतं. याने ते गल्लीभर उघडलं. लोकांना काय, फुकटचा तमाशा. “काय रे चकचक्या, अंगठी हरवली का?” “सासरा बघायला येणार वाटतं, गटारपण चमकवतोय!” एरवी हा उलट दोन द्यायचा. आता मान खाली घालून चाळत राहिला. मी दारात उभी राहून एकेकाची अशी काही खरडपट्टी काढली की नंतर कुणी त्या बाजूला फिरकलं नाही.

चाळणीत माझ्या मशीनच्या सुया निघाल्या, बटणं निघाली, कधीतरी हरवलेला चमचा निघाला. एकदा पांढरा खडा निघाला. तो हातात घेऊन हा चप्पल न घालता संग्रहालयात पळाला. बाईने भिंगाखाली धरला. फुटक्या बशीचा तुकडा होता. तिने तो लगेच टाकून दिला नाही, पुसून त्याच्या हातात परत दिला, एवढं मात्र तिचं मी मानते. पुढे गटार संपलं आणि समुद्र आला. समुद्र कोण चाळणार?

पुतळ्याचं धड अजून समुद्रात खाली असणार होतं. नेमकी जागा फक्त यालाच माहीत. संग्रहालयाचे पाणबुडे आले, तसं याने बाईला विचारलं, “मी येऊ का? की नको?” असा परवानगी मागणारा माझा भाऊ मी प्रथमच पाहिला. ती म्हणाली, “तुमच्याशिवाय कसं होईल, काका?” निघताना त्याने कमरेची दोरी सोडली आणि पटाशी माझ्या मशीनवर ठेवून गेला. हाताने वाळू बाजूला केली म्हणे, नखाने नाही, तळहाताने. पट्टे बांधून पुतळा वर उचलला तेव्हा हा खालून वर येईपर्यंत त्याला पाठ लावून होता, कुठे घासू नये म्हणून. शेवाळ, शिंपली, हिरवा थर, सगळं जसंच्या तसं आलं. बाईने तो गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवला, आतलं मीठ निघेपर्यंत तो तिथेच राहणार होता. टाकीचं पाणी बदलायला हा जायचा. ब्रश कुणी हातात दिला तरी घ्यायचा नाही.

बाईने पुष्कळ महिने घेतले. सुईसारख्या हत्याराने कणकण करून शिंपली काढली आणि खालची गडद कातडी दिसू लागली. छातीच्या फासळ्या, बेंबी, पोटऱ्यांच्या शिरा, सगळं. मग डोकं मानेवर बसवलं. तंतोतंत बसलं. खाली जिवंत माणसासारखं काळसर अंग आणि वर पिवळंधमक, आंधळं तोंड.

उद्घाटनाला याला बोलावलं होतं, पण गेला नाही. मीच एका साध्या दिवशी ओढून नेलं. दालनात गर्दी होती. लोक डोक्याचेच फोटो काढत होते. “बघ ना, कसं सोन्यासारखं चमकतंय!” हे ऐकायला त्याने एकेकाळी काय नसतं दिलं! आता त्याचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. पुतळ्याच्या पायाशी पाटी होती. त्याने बोट ठेवून वाचली. शेवटी लिहिलं होतं, ‘डोळे समुद्रात नष्ट झाले.’

तो तडक बाईच्या खोलीत गेला, मी मागे धावले.

“मॅडम, ते खोटं लिहिलंय.”

बाईची मान खाली गेली. “मीच लिहिलं, काका. खरं लिहिलं तर लोक तुम्हाला नावं ठेवतील. आणि आता लिहून डोळे थोडेच परत येणार आहेत?”

“नावं ठेवू देत. मॅडम, समुद्राने ते इतकी वर्षं सांभाळले. माझ्याकडे आठवडाभर नाही टिकले. त्याच्यावर कशाला ढकलता?”

तिने डोळे पुसले. मी पण पुसले, लपवायचं काय त्यात.

पाटी बदलली. आता लिहिलंय, ‘पुतळा पाण्याबाहेर काढल्यावर एका पाणबुड्याने शिंपले समजून डोळे काढले.’ ते बघायला आम्ही पुन्हा गेलो. त्याने वाचलं, मान हलवली. मग चवड्यांवर उभा राहून, हात मागे बांधून, तो त्या रिकाम्या खाचांत बघत राहिला. रखवालदार काही म्हणेल म्हणून मी त्याची बाही ओढली.

“ताई,” तो म्हणाला, “किती साफ केलंय गं मी. एक कणसुद्धा ठेवला नाही.”

मी त्याचा हात धरला आणि त्याला घरी घेऊन आले.