वहिनीचा गंबो

नीलूचा फोन आला तेव्हा मी सकाळचं वर्तमानपत्र वाचत होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मागून घरातल्या माणसांचे आवाज ऐकू येत होते. सुनंदावहिनी गेले काही महिने आजारी होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी आचऱ्याला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर मला तिचा चेहरा आठवेना. आठवला तो तिचा उजवा हात, चुलीवरच्या जाड बुडाच्या टोपात एकसारखा फिरणारा...

सुनंदावहिनी माझ्या चुलतभावाची, अंतूदादाची बायको. ऐंशीच्या दशकात मी एका दैनिकाचा मालवणचा वार्ताहर होतो आणि आचऱ्याला त्यांच्याच घरी राहत होतो. घरात काकी, म्हणजे दादाची आई, वहिनी आणि लहानगी नीलू. दादा मालवाहू बोटीवर कुक होता. वर्ष-सव्वा वर्षाने तो सुट्टीवर येई, महिना-दोन महिने राही आणि पुन्हा मुंबईहून बोट धरी. नीलू त्याला 'पावणो' म्हणायची. पाहुणा आला, पाहुणा गेला... घरातले हसायचे. वहिनी मात्र त्यात कधी हसलेली मी पाहिली नाही.

त्र्याऐंशीच्या सुट्टीत दादाने जाहीर केलं की आज जेवण तो करणार. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात त्याची बोट दरवेळी बरेच दिवस थांबे. गोदीजवळ एका बाईची खाणावळ होती, तिथे तो एक पदार्थ खायला शिकला होता आणि मग करायलाही. त्याला गंबो म्हणतात. त्याने तेलात मैदा घातला आणि तो मंद आचेवर परतत राहिला. मैदा पांढऱ्याचा बदामी झाला, बदामीचा तांबूस, तरी तो थांबेना. मागल्या दारात बसलेल्या काकीच्या नाकाला वास गेला. "अरे मेल्या, पीठ जळता," ती म्हणाली. "अमेरिकेतल्या लोकांका जळको वास येना नाय काय?" पुढे त्याने कोलंबीची सालं आणि डोकी उकळून त्याचं पाणी टोपात ओतलं, तेव्हा तर तिने कपाळावर हात मारला. आमी जां माडाच्या मुळात टाकतव, तां हो टोपात घालता, असं ती शेजारणीला कुंपणावरून सांगून आली.

मग कांदा, कणकवलीच्या बाजारातून आणलेली ढोबळी मिरची, भरपूर भेंडी, आणि शेवटी कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या. दाट, काळपट तांबडा रस्सा झाला, किंचित बुळबुळीत. दादा भातावर घेऊन डोळे मिटून जेवला. बाकीच्यांनी मान राखला. काकीने त्यावर वाटीभर सोलकढी ओतली. वहिनीने सगळं न बोलता संपवलं आणि मग विचारलं, तिथे हे रोज मिळतं का. दादा म्हणाला, त्या बाईच्या हातचं खाल्लं की पुढच्या बंदरापर्यंत दुसरी चव तोंडात येत नाही. त्याने ते सहज म्हटलं होतं.

तो गेल्यावर काही दिवसांनी वहिनीने मला बाजारातून मैदा आणायला सांगितला. मी कारण विचारलं. भांडी घासता घासता, वर न बघता ती म्हणाली, "तेंका हयल्या जेवणाची चव लागना नाय, भावजी. चव लागल्याशिवाय माणूस घरात रवता काय?"

पुढची तीन वर्षं त्या घरात गंबो शिजत होता. दादाने सांगितलेलं काही तिच्याकडे नव्हतं. तिने फक्त पाहिलं होतं. मधल्या एका सुट्टीत तो आला तेव्हा तिने विषयही काढला नाही. जमल्याशिवाय वाढायचा नाही, असं तिने मला बजावलं होतं. मैद्याचा रंग तिला लवकर सापडला. वाटपासाठी खोबरं भाजताना ते कधी उतरवायचं, हे तिच्या हाताला माहीत होतं. तोच रंग तिने धरला. अडचण भेंडीची होती. भेंडीचा बुळबुळीतपणा मोडायला आमच्याकडे सोलं, म्हणजे आमसुलं घालतात. मासळीच्या टोपात तर ती पडतातच, त्याचा विचार करावा लागत नाही. वहिनी सगळं नीट करत आणी आणि शेवटच्या क्षणी तिचा हात सोलांच्या बरणीत जाई. बुळबुळीतपणा मोडला की रस्सा पातळ होई. पातळ झाला की ती दाटपणासाठी वाटप घाली, आणि टोपात नेहमीची कोलंबीची आमटी तयार होई. काकी दोन वेळा भात घेऊन म्हणे, "आता कसा माणसाचा जेवण झाला." काकीला आवडलं की वहिनीचा चेहरा उतरायचा. काकीची पसंती ही तिच्या चुकीची खूण झाली होती, आणि काकीला त्याचा पत्ता नव्हता. सोलांची बरणी मग माळ्यावर गेली. तरी एकदा ती स्टुलावर चढलेली मला दिसली. मी हाक मारली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण कशाला चढलो.

एका रविवारी काकीने पहिला घास घेतला, थांबली, आणि ताट पुढे सरकवलं. "ह्यां तेचाच," ती म्हणाली. "माका पेज घाल." वहिनी पेज वाढायला उठली ती हसतच. इतकी हसली की काकीला राग आला.

शहाऐंशीत दादा आला तो रविवारी संध्याकाळी. सोमवारी घरात मासळी शिजत नाही, म्हणून मंगळवार उजाडावा लागला. सकाळी बंदरावरून कोलंबी आणि कुर्ल्या मीच आणल्या. दुपारी पानं मांडली. दादाने टोपाचं झाकण निघताना वासावरून ओळखलं. पहिला घास, दुसरा... वहिनी डाव हातात धरून उभी होती. त्याने पुन्हा भात मागितला. मग म्हणाला, "थंयल्या बायेचो हात असो नाय गो." हात धुऊन आल्यावर त्याने ओटीवर बसता बसता सांगितलं, "आता मी बोटीर जावचंय नाय."

काकीने देवापुढे साखर ठेवली. नीलूला काही समजलं नाही. वहिनी शांतपणे पानं उचलत राहिली. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं.

त्यानंतर वहिनीचा गंबो गावात प्रसिद्ध झाला. ज्यांचे नवरे बोटीवर होते, आखातात होते, त्या बाया तिच्याकडे येऊन बसत. "मिया टोपान वढून हाडलंय तेंका," असं ती सांगायची आणि दादा ओटीवर ऐकू न आल्यासारखा बसायचा. ही गोष्ट तिने आयुष्यभर सांगितली, शेवटच्या आजारात भेटायला आलेल्यांनाही.

वहिनीचं दिवसकार्य झाल्यावर मी दोन दिवस तिथेच राहिलो. दुपारी दादा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. बोलता बोलता गोष्ट त्या मंगळवारावर आली. त्याने आवाज खाली आणला. बोट सोडायचं त्याने शेवटच्या बंदरातच ठरवलं होतं. मुंबईत उतरल्यावर तो कंपनीला तसं कळवूनही आला होता. नीलूचं 'पावणो' त्याला सहन होत नव्हतं. घरी येऊन सांगणार, तेवढ्यात समोर तो टोप आला.

"तिना इतकी मेहनत केल्यान," तो म्हणाला. "मगे मिया कधी सांगूक नाय. तिना जिकलेला तां तिचा रवांदे, म्हटलंय."

मी वर पाहिलं. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर खिळ्याला त्याच्या बोटीवरच्या सुऱ्या अडकवलेल्या आहेत, काळ्या मुठीच्या, एका चामडी पट्ट्यात. सुट्टीवर येताना त्या तो कधी आणत नसे. पुढच्या बोटीसाठी मुंबईच्या खोलीवर ठेवून येई. फक्त त्या खेपेला त्या ट्रंकेतून घरी आल्या होत्या. मी त्याला विचारलं, ट्रंक कोणी उघडली होती.

"तिनाच. सोमवारी सकाळी, कपडे धुवूक काढल्यान तेव्हा..." दादा बोलता बोलता थांबला. सुऱ्यांकडे बघत राहिला.

"खिळो पण तिनाच मारल्यान," तो म्हणाला. "त्याच सकाळी."