भेंडी नसलेलं गम्बो

संध्याकाळी साडेसातला अमेरिकेतल्या खानावळींना फोन लावून "तुमच्या कालवणात भेंडी असते का?" असं विचारणारा माणूस वारज्यात एकच होता, यज्ञेश्वर दाणी. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चौतीस वर्षं काढलेला गृहस्थ. चिठ्ठीशिवाय कुणाला खिळासुद्धा दिला नाही. फोनवरही तीच तऱ्हा. "मॅडम, प्लीज कन्फर्म," असं दोनदा म्हणायचे आणि मगच वहीत लिहायचे. लाफायेत गावातल्या एका बाईने त्यांना "बेबी" म्हटलं, तेव्हा एकाहत्तराव्या वर्षी ते कानापर्यंत लाल झाले होते. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. त्या हसण्यालाही आता वर्ष झालं.

सगळं सुरू झालं ते सौमित्रने पाठवलेल्या व्हिडिओमुळे. सौमित्र हा मुलगा, राहतो ह्यूस्टनला. शेजारच्या लुइझियानात केजन म्हणून लोक आहेत. ते कोळंबीचं दाट, तिखट कालवण करतात, भाताबरोबर खातात आणि त्याला गम्बो म्हणतात. सरोजिनीबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "अहो, हे तर आपलंच जेवण की. एकदा तिथे बसून खायचं." सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी स्वतःहून काही मागितलं ते एवढंच.

पंचाईत अशी, की गम्बोत बहुतेक जण भेंडी घालतात, आणि भेंडी बाईंनी काशीत सोडलेली.

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी एक सोडायचं, अशी रीत. लोक बनेल असतात. जे एरवीही ताटात घेत नाहीत तेच सोडून मोकळे होतात. यज्ञेश्वररावांनी फणस सोडला, ज्याच्या वासानेच त्यांचं डोकं उठायचं. सरोजिनीबाई "रामफळ" म्हणाल्या, तर हे शहाणे घाटावर चार लोकांत म्हणाले, "देवाला फसवायला एवढ्या लांब कशाला यायला हवं होतं? ते वारज्यातही जमलं असतं." बाईंचा चेहरा उतरला. त्या गुरुजींना म्हणाल्या, "रामफळ नको. भेंडी." भेंडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याला बारा वर्षं झाली. ऋषिपंचमीच्या भाजीतलीसुद्धा भेंडी त्या एकेक तुकडा निवडून बाजूला काढत आणि यज्ञेश्वरराव मान खाली घालून जेवत. चुकलं हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, पण आपण चुकलो असं बायकोला सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

म्हणून ते वही घेऊन बसले. कोळंबी हवी, डुकराचं सॉसेज नको, भेंडी नको. तिकडे काही जण दाटपणासाठी भेंडीऐवजी एका झाडाच्या पाल्याची पूड घालतात, हे त्यांनी शोधून काढलं. एवढ्या मुलखातून अशी तीन ठिकाणं निघाली, तीही तीन टोकांच्या तीन गावांत. मग प्रत्येक गावात मुक्काम पाहिला: खोली तळमजल्यावर, जिना नको, सकाळच्या चहाला शेगडी हवी. पाच दिवसांचा बेत, नोव्हेंबर ठरला.

जूनमध्ये बाईंच्या पायांना सूज आली. किडनी गेल्याचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद. सौमित्रने तिकिटं रद्द केली आणि फोनवर म्हणाला, "बघू बाबा." "बघू" म्हणजे नाही, हे पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी यज्ञेश्वररावांनी नोव्हेंबर खोडून मार्च लिहिलं. वहीत नवा रकाना आखला, डायलिसिसचा. आता मुक्कामाजवळ तीही सोय हवी होती. एका गावात ती मिळेना, म्हणून तिथलं गम्बो गेलं. ते दिवसभर अस्वस्थ होते.

डायलिसिसहून आल्या की बाई पलंगावर पडून विचारत, "आज कुठे जेवायचं?" मग ते वहीतला एकेक दिवस वाचून दाखवत.

परवा, ऋषिपंचमीनंतर आठवड्याने, तिसऱ्या दिवसाचं वाचून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, एखादं भेंडीचं ठिकाण घाला की."

"आणि काशीचं?"

"असू दे. चांगली भरपूर भेंडी असलेलं घाला. सगळीकडेच घाला."

बारा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं त्यांना. त्या भरात तोंडून गेलं, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं," बाई म्हणाल्या. "फार लागलं होतं मला."

ते पेन आणायला उठले, वही उघडली आणि तिथेच थांबले. आठवड्यापूर्वी याच बाईने ताटातली भेंडी निवडून बाजूला काढली होती. ही दिलेला शब्द मोडणारी नव्हे, लुइझियानातही नव्हे. जिथे आपण जाणारच नाही, तिथे मात्र तिला भेंडी चालणार होती. तिला सगळं कळलं होतं, बहुधा त्यांच्या आधीच.

"सरोज," ते म्हणाले.

"लिहा ना. मी जागी आहे."

त्यांनी लिहिलं. भेंडीचं गम्बो तिकडे जागोजाग मिळतं. फोन करायची गरजच नव्हती. पाचही दिवस एकाच गावात बसले, जेवण मुक्कामाच्या कोपऱ्यावरच. दीड वर्ष अडलेला बेत दहा मिनिटांत पुरा झाला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. मध्ये दोनदा थांबून त्यांनी खाकरल्यासारखं केलं.

"भात वेगळा देतात, का त्यातच घालून?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

साडेसात वाजून गेले होते. फोन हाताशी होता.

"त्यातच घालून," यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि कुणालाही न विचारता त्यांनी तसं वहीत लिहून टाकलं.