अंगणातला टेकडीचा तुकडा

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याच्या हातची भिंत कधी सूतभरही कलली नाही, म्हणून हे नाव पडलं आणि काम सोडल्यावरही चिकटून राहिलं.

बायकोचे गुडघे गेले आणि घरामागच्या टेकडीवर तिचं जाणं बंद झालं. तिथे खडकाच्या फटीत निळं खडीफूल यायचं. लग्न झाल्यापासून दरवर्षी ती ते पाहायला जायची. तोडायची नाही, नुसती शेजारी बसून परत यायची. यंदा ती खिडकीतून टेकडीकडे बघत राहिली आणि काहीच बोलली नाही. बडबडी बाई गप्प झाली तसं ओळंब्याला घर खायला उठलं.

"मी ते फूल अंगणात आणतो," तो म्हणाला. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला.

झाड उपटायचं नाही, बीच आणायचं, असं तिने बजावलं. वाळल्या बोंडांतलं बी तो रुमालात बांधून घेऊन आला. वाफा त्याने कामाच्या पद्धतीनेच केला. फावडं पात्यापर्यंत घातलं, ढेकूळ न ढेकूळ फोडलं, दगड वेचून बाहेर टाकले, काळी माती आणि खत भरलं, दोरी लावून कडा सरळ केल्या. मग सकाळ-संध्याकाळ पाणी. नवा गिलावा भिजता ठेवला नाही तर तडकतो, हे त्याच्या हाडांत मुरलं होतं. जमीन जरा सुकलेली दिसली की तो पाइप घेऊन धावायचा.

रोपं उगवली, भाजीसारखी माजली. फूल एकही नाही. मग एकेक झाड मुळाशी काळं पडून आडवं झालं. शेजारचा शिंपी भिंतीवरून डोकावला आणि पानांना निळी बटणं लावून देऊ का म्हणून विचारू लागला.

आणखी खत आणायला तो निघाला, तेव्हा बायको दारातूनच म्हणाली, "अहो, टेकडीवर त्याला पाणी घालायला कोण जायचं?"

ओळंब्याने रिकामी टोपली ठेवली आणि तो टेकडीवर गेला. खडीफुलाजवळ बसून फटीत बोट घातलं. पेरभर माती, खाली खडी, त्याखाली कातळ. पाण्याला थांबायला जागाच नव्हती.

सगळा वाफा त्याने उकरला. काळी माती शिंप्याच्या गुलाबांना गेली. तळाला विटांचे रोडे, वर खडी, त्यावर पातळसा मुरूम, आणि एका अंगाला उतार. घमेलं अर्धंच भरायचा. खेपा वाढल्या तर वाढू देत, कंबर काही बदलून मिळत नाही. जिवावर आलं ते दोरी न लावता दगड मांडणं. त्याच्या नकळत रांग सरळच लागायची आणि बायको ती मोडायला लावायची. घर पाडलं की काय, असं शिंप्याने विचारून घेतलं.

रुमालात उरलेलं बी टाकलं आणि मग खरं अवघड काम आलं, ते म्हणजे काही न करणं. हात शिवशिवायचे. बायकोने पाइपच उचलून शिंप्याकडे ठेवायला दिला. ओळंबा मागायला गेला, तर शिंप्याने चहा पाजला, पाइप दिला नाही.

हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने खडीशेजारी कट्टा बांधला. तिच्या गुडघ्यांना बसता-उठता सोपं जावं म्हणून तिला खुर्चीवर बसवून उंचीचं माप घेतलं. हा मात्र दोरी लावून, ओळंबा सोडून.

रोपं आली ती बुटकी, काटकुळी. तो येता-जाता नाक मुरडायचा. कोरडे दिवस सुरू झाले तशी त्याने आशाच सोडली.

एका सकाळी तिने हाक मारली. पडली की काय, म्हणून तो अनवाणीच धावला. ती कट्ट्यावर बसली होती, पुढे वाकून. दोन दगडांच्या मधे निळं फूल उघडलं होतं, शेजारी कळ्या होत्या.

ओळंब्याने वाकून फूल नीट पाहिलं. मग म्हणाला, "टेकडीवरच्यापेक्षा लहान आहे. थोडं पाणी दिलं असतं तर..."

"बसा इथे," ती म्हणाली, आणि सरकली.

तो बसला. ती पहिल्या वर्षी टेकडीवर कुठे घसरली होती ते सांगू लागली आणि थांबेचना. पलीकडून शिंप्याने विचारलं, फूल आलं म्हणतात, आता पाइप परत देऊ का?

"राहू दे तुझ्याकडेच," ओळंबा म्हणाला.