‘बी’मधला उतार

मेश्रामबाईंनी ‘बरोबर’च्या चिन्हाचं बटण दाबलं तेव्हा माझी पेन्सिल हिशेबाच्या तिसऱ्या ओळीवर होती. ओळी एकूण चाळीस होत्या.

“पुढची सांगू का, निकोडेभाऊ?” त्यांनी विचारलं.

ही आमची पहिली भेट. ऐंशीचं दशक, सावलीजवळच्या एका कालव्याचं सर्वेक्षण, बाभळीखाली मांडलेलं टेबल. लॉग टेबल पाठ असलेला माणूस म्हणून मला तालुक्यात मान होता. बाई नव्याने रुजू झाल्या होत्या. त्यांच्याजवळ भावाने नागपूरहून पाठवलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता. त्या दिवसापासून मी त्यांचा हेवा करत आलो आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या अंकात दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

त्यांनी मला यंत्र समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

“हे डबे समजा, भाऊ. घरी नाई का, एक डबा हळदीचा, एक मिठाचा? दरवेळी बजारात जावं लागत नाई. ए मध्ये कालव्याच्या तोंडची पातळी ठेवली. बी मध्ये उतार. सी मध्ये अंतर. ए वजा, सी भागिले बी. दर खुंटीले फक्त सी बदलायचा. पण डब्यात नवं टाकलं का जुनं गेलं, एवढं ध्यानात ठेवा.”

मी ध्यानात ठेवलं नाही.

महिनाभरानंतर एका दुपारी बाई जेवायला गेल्या. यंत्र टेबलावर होतं. आधी मी कुरखेड्याकडे एक कालवा आखला होता. त्याच्या पातळ्या हाताने काढल्या होत्या आणि त्यांचा मला अभिमान होता. यंत्र कुठेतरी चुकतं का, ते मला पाहायचं होतं. त्या कालव्याचा उतार दोन हजार मीटरमागे एक मीटर. बी मध्ये मी दोन हजार टाकले. उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत माझ्या वहीशी जुळलं. मला वाईट वाटलं. मी यंत्र बंद केलं. ऑफिसातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर बंद केलं की सगळं पुसलं जाई. इथेही पुसलं जाईल असं मी धरलं.

जेवून आल्यावर बाईंनी कालव्याच्या नव्या फाट्याच्या तोंडची पातळी ए मध्ये घातली. बी रोज तोच असे, तीन हजार. त्यांनी तो पाहिला नाही. संध्याकाळपर्यंत बाराशे मीटरवर चाळीस खुंट्या ठोकून झाल्या.

शेवटच्या खुंटीजवळ सोमाजीची धानाची बांधी होती. म्हातारा उकिडवा बसून खुंटीकडे बघत होता.

“बाई, हा नहर काऊन खाली जाऊन राह्यला? माह्या बांधीत पाणी चढन कुठून? पाण्याले पाय हायेत का? का बाल्टीनं टाकू मी?”

खुंट्या ठोकणारे खलाशी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र उघडलं आणि बी पाहिला. दोन हजाराचा उतार आमच्यात एकट्या माझ्याच कालव्याला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

तेवढ्यात पाहणीला आलेले साहेब तिथवर पोचले. चूक वीतभर होती. तेवढ्याने सोमाजीची बांधी कोरडी राहिली असती.

“यंत्राच्या भरवशावर कालवे होत नाहीत, बाई,” साहेब म्हणाले. “आमच्या निकोड्यांची लॉग टेबलं बरी.”

“यंत्राचं काई नाई, साहेब. बी न पाहता सुरू केलं मी. चूक माही.”

मी वही मिटली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं.

पुढे बाईंनी जिवतीच्या डोंगरात तलावांची कामं केली. हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी एकच शिस्त लावली: आधी डबे उघडून पाहा, मग गणित. मोतीबिंदूने माझी नजर गेली त्या वर्षी माझ्या सगळ्या पातळ्या त्यांनी ठळक अक्षरांत लिहून दिल्या. अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या दुपारविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. बी मध्ये दोन हजार मी टाकले होते, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. साहेब आता नाहीत. सोमाजीही नाही. त्याच्या बांधीत पाणी पोचतं.

बाईंची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. त्यांना भरपूर वर्षं मिळोत, आणि त्यांचा हेवा करायला मलाही तेवढीच.

खुंट्यांचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा फाट्याच्या तोंडाशी गेलो. बाईंनी यंत्र माझ्या हातात दिलं. “आज तुम्ही दाबा, भाऊ,” त्या म्हणाल्या. मी आधी ए पाहिला. मग बी पाहिला. तीन हजार होता. दुपारपर्यंत आम्ही चाळीस खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या.