उजव्या रकान्यातलं फूल

मला विनोदाचं वावडं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात, भिंगारच्या बाजारात आणि आता तिसगावातही याच्या बरोबर उलट बोललं जातं.

माझा राग आहे तो गलिच्छ विनोदावर. बाईचा पदर घसरला की विनोद, बाई वाकली की विनोद, बाई नुसती विहिरीवर निघाली तरी विनोद. असले सिनेमे काढणाऱ्यांना लाज नाही आणि बघणाऱ्यांना त्याहून नाही. त्यांच्याविरुद्ध आम्ही तिघी मैत्रिणींनी समिती काढली. (एकीचं लग्न ठरलं, दुसरीला टायफॉईड झाला. समितीचं काम मी थांबू दिलं नाही.) पत्रक छापलं. त्यात दोन रकाने होते. डावीकडे ‘पाहू नयेत’, उजवीकडे ‘अवश्य पाहावेत’. डावा रकाना नऊ नावांनी गच्च भरला. उजव्यात घालायला मला एक नाव सुचेना. छापखान्यातला कंपोझिटर हातात अक्षरांचे खिळे घेऊन उभा.

“बाई, इथं काय टाकू?”

“काहीतरी टाका. जागा मोकळी दिसायला नको.”

त्याने गुलाबाचं फूल टाकलं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतलं उरलेलं.

पत्रकावर भागेना म्हणून मी पोस्टरांकडे वळले. लढाई संपून काही महिने झाले होते. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावलेले काळे कागद घरोघरी पडून होते. ते मी गोळा केले आणि खळ घेऊन पोस्टरांवरच्या नको त्या जागांवर चिकटवले. संध्याकाळी जाऊन बघते तर पोस्टरापुढे गर्दी. कागदाखाली काय आहे ते बघायला माणसं नखाने कोपरा उचकटत होती. ज्या पोस्टराकडे महिनाभर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, त्याच्यापुढे मी रांग लावून दिली होती.

घरी माझा धाक होता. वडील, म्हणजे अण्णा, लष्कराच्या भांडारात कारकून. साहेबाला न घाबरणारा माणूस. पण रेडिओवर नाटुकलं लागलं आणि हसू फुटू लागलं की आधी माझ्याकडे बघायचे.

“सुशे, यात काही नाही ना गं?”

“आहे.”

अण्णा रेडिओ बंद करायचे. आई तर हसू आलं की स्वयंपाकघरात जायची. हसण्याआधी माझ्याकडे बघायचं, अशी आमच्या घरात पद्धतच पडली होती. मला ते चळवळीचं यश वाटत होतं.

अशात अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न जमत आलं. स्थळ तिसगावचं. मुलगा ज्ञानदेव, शाळामास्तर. आईविना पोरगा, आत्याने वाढवलेला. ही भागूआत्या म्हणजे घरातलं शेवटचं न्यायालय. तिने आधी तीन मुली नाकारल्या होत्या. अक्काला ज्ञानदेव मनापासून आवडला होता (त्याचं नाव निघालं की ती उगाच तांदूळ निवडायला घ्यायची, निवडलेलेसुद्धा), म्हणून आत्याबाई रविवारी घर बघायला येणार म्हटल्यावर आमचं धाबं दणाणलं. आईने मला बाजूला घेऊन बजावलं, “आज भाषण नाही.”

आत्याबाई ज्ञानदेवला घेऊन आल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, तोंडावरची माशी हलणार नाही. पोहे खाल्ले. घर बघितलं. मग म्हणाल्या, “पोरगी चांगली हाय. पन घर लई गप हाय तुमचं. कुनी आजारी हाय का?”

“नाही, नाही,” अण्णा म्हणाले. “आम्ही सगळे ठणठणीत.”

“मग हसत का न्हाई कुनी? माझ्या सासरी बाईमानूस हसलं की सासरा ताट बाजूला सारायचा. मी तवाच ठरवलं. ज्या घरात मोकळं हसत न्हाईत तिथली सून आनायची न्हाई. ती आमच्यात यून मुकी बसंल.” आणि थोडं थांबून, “आज समद्यांनी मिळून एक हसायचा सिनेमा बघू. पन चांगला बघा. मागं जत्रंत तंबूतला बघितला. बाप्ये पडद्याकडं बघून हसत न्हवते, आमच्या बाजूला वळून हसत हुते. मी उठून आले.”

एवढी थोबाडीत मारल्यासारखी खरी ओळ माझ्या अख्ख्या पत्रकात नव्हती. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. पण तोवर अण्णा माझ्याकडे वळले होते.

“सुशे, तू वर्षभर ओरडतेस. सांग आता एक चांगला.”

मला डावा रकाना तोंडपाठ होता. उजव्यात फूल होतं.

खरं सांगायचं तर मी वर्षभरात एकही सिनेमा बघितला नव्हता. तत्त्व म्हणून. तरी “बघून येते” म्हणून तोऱ्यात बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, “घरच्यांबरोबर बघण्यासारखा विनोदी सिनेमा कुठे लागलाय?” त्याने माझ्या डाव्या रकान्यातलं पहिलं नाव सांगितलं.

“घरच्यांबरोबर म्हणतेय मी.”

“मग घरच्यांना पुढं बसवा, तुमी मागं बसा.”

त्याच्याशी भांडण्यात दहा मिनिटं गेली. मग टांगा करून नगरातल्या एका थिएटरावर गेले. (नाव घेत नाही. माझ्यामुळे त्यांची फुकट जाहिरात पुरेशी झाली आहे.) तिकिटाच्या खिडकीवर माझंच पत्रक लावलेलं. उजवा रकाना मागे दुमडून.

“बाई, तुमचं पत्रक निघाल्यापासून आमचा शनिवार भरतो,” मॅनेजर हात जोडून म्हणाला. “दुसरी आवृत्ती कधी?”

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण मी शिवराळ भाषेच्या विरुद्ध आहे. तो शांतपणे म्हणाला, “आज मॅटिनीला जुना सिनेमा आहे बघा. दोन म्हातारे भाऊ आणि त्यांच्यात एक सायकल. देवळात लावला तरी चालेल.”

“बायका आहेत त्यात?”

“आहेत. त्याही सायकलच चालवतात.”

दुपारी आम्ही सगळे बाल्कनीत. मागे कुणी पुरुष नको म्हणून आत्याबाईंनी शेवटची रांग मागितली होती. सिनेमा सुरू झाला. मी मांडीवर वही घेऊन, अंधारात, आक्षेपार्ह काही दिसतंय का ते टिपायला बसले. खालचं पब्लिक हसून लोळत होतं. आमच्या रांगेत मात्र सायकल पडली की अण्णा माझ्याकडे बघायचे, आई माझ्याकडे बघायची, अक्काही बघायची. माझं होय-नाही ठरेपर्यंत सायकल उठून पुढे गेलेली असायची. आत्याबाईंचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्या आमची तोंडं न्याहाळत होत्या.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, “तुमच्यात हसायची चाल न्हाई का?”

“आहे की,” अण्णा घाम पुसत म्हणाले. “सणासुदीला.”

अक्काचे डोळे भरून आले. ज्ञानदेव मान खाली घालून तिकिटाचा तुकडा चोळत बसला. लग्न मोडत होतं, आणि माझ्या वहीत अजून एकही आक्षेप नव्हता.

मध्यंतरानंतर दिवे मालवले आणि पडद्यावर आला पुढच्या आठवड्यात इथे लागणाऱ्या सिनेमाचा तुकडा. डाव्या रकान्यातलं पहिलं नाव! मॅटिनीला बायकापोरं बसलेली, आणि तो सदऱ्याच्या गुंड्या उघड्या टाकलेला नायक उसाच्या फडात बाईच्या पदराकडे हात पुढे करून येतोय. माझं डोकं सणकलं. आईने पदर ओढला तो झिडकारून मी उठले. खालपर्यंत आवाज जावा म्हणून खुर्चीवर चढले आणि हात उंचावून म्हणाले, “बंधूंनो आणि भगिनींनो!”

आमच्या रांगेच्या बरोबर मागे प्रोजेक्टरचं भोक होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पडद्यावर नायिकेच्या जागी माझी सावली उभी राहिली. दोन मजली. वेणी, चष्मा आणि वळलेली मूठ. नायक “ये ना गं जवळ” म्हणत आला आणि त्याचा हात थेट माझ्या सावलीच्या नाकावर पडला.

“आली रं आली!” खालून कुणीतरी ओरडलं.

“हा बाईचा अपमान आहे,” मी गरजले.

“मग हान की त्याला, मावशे!”

मी रागाने मूठ आपटली. पडद्यावर ती नायकाच्या टाळक्यात बसली, आणि नेमका त्याच क्षणी तो मेला पाय घसरून चिखलात पडला. थिएटर कोसळलं. माणसं खुर्च्या बडवायला लागली. “परत लावा, परत लावा!” आणि ऑपरेटरने, त्या निर्लज्ज माणसाने, रीळ थांबवून तुकडा परत लावला.

तेव्हा मी खाली बसायला हवं होतं. पण माझा मुद्दा अर्धवट राहिला होता. मी दुसऱ्यांदाही उभीच राहिले.

नायक दुसऱ्यांदा चिखलात पडला तेव्हा मला आमच्याच रांगेतून आवाज आला. आत्याबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी काढून. अण्णा पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून हसत होते. आई हसत होती, तेही बाल्कनीत, सगळ्यांदेखत. मास्तर हसत होता. अक्का तर सगळ्यांहून मोठ्याने, फितूर कुठली. आणि हसण्याआधी एकानेही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

बाहेर पडताना मॅनेजर आडवा आला. “बाई, पुढच्या रविवारी याल ना?”

“याद राखा,” मी म्हणाले.

“येते म्हनती,” आत्याबाईंनी त्याला परस्पर सांगून टाकलं. टांग्यात बसल्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, “सुपारी फोडा. घर हसतं हाय. कायतरी आडकलं हुतं, ते मोकळं झालं.” मग माझ्या पिशवीतलं पत्रक काढून फुलावर बोट ठेवलं. “हितं फूल कशापायी?”

“चांगलं नाव सापडलं नाही म्हणून.”

“आता सापडलं न्हवं,” त्या म्हणाल्या आणि परत पदर तोंडात कोंबला.

मी पत्रक घडी करून पिशवीत कोंबलं. दुसऱ्या दिवशी तडक छापखान्यात गेले. नव्या पत्रकात आत्याबाईंचं तंबूतलं वाक्य सगळ्यात वर घातलं आणि उजव्या रकान्यात सायकलवाल्या सिनेमाचं नाव टाकायला सांगितलं.

“म्हणजे दोन नावं झाली की बाई,” कंपोझिटर म्हणाला. तो मॅटिनीला होता. उजव्या रकान्यातून फूल काढून त्याने माझं नाव आधीच जुळवून ठेवलं होतं. मोठ्या टायपात.