मण्याची पाठ

ही गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेल. सोसायटीच्या गच्चीवर, नणंदेच्या मुलीच्या लग्नात, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना — अनोळखी लोकांना! हातवारे करून, आवाज काढून. लोक पोट धरून हसतात. पण खरी? खरी ती मी एकदाही सांगितलेली नाही. मधला एक तुकडा दर वेळी गिळते. नवऱ्यालाही तो ठाऊक नाही. तुम्हाला सांगते.

महाप्याला एका गाळ्यात आम्ही सहाजणी काचेचे मणी करतो. काचेची कांडी ज्योतीत वितळवायची, पातळ सळईवर गुंडाळायची आणि फिरवत राहायचं. मणी गोल झाला की सळईसकट भट्टीत ठेवायचा. तिथे तो सावकाश निवतो. भट्टीच्या तळाशी पांढरं, जाड, उष्णता सोसणारं पांघरूण असतं. आम्ही त्याला गोधडी म्हणतो. खरी गोम इथेच आहे. मणी मऊ असताना गोधडीवर टेकला, तर तिची वीण त्याच्या अंगावर उमटते, अगदी चटईवर झोपल्यावर गालावर उमटते तशी. गालावरची जाते. मण्यावरची जन्मभर राहते. बरं, फार वेळ बाहेर धरलात, तर टच्चकन तडकतो.

मग थांबायचं किती? गाळ्याच्या मालकीण, आमच्या मॅडम, म्हणायच्या, ‘लाली जाईपर्यंत.’ ज्योतीच्या उजेडात आमच्या चाळिशीच्या डोळ्यांना लाली कुठली दिसायला! तेव्हा युक्ती काढली मी. एक उखाणा, सावकाश, दोनदा. तेवढ्यात मणी बरोबर निवतो. सहाजणी सहा टेबलांवर आपापल्या नवऱ्यांची नावं घेतायत — बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत मंगळागौर चाललीय.

तर, मंदा. करंजाड्याहून यायची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. तिचा नवरा, प्रकाश, ती कामाला लागायच्या आधीच गेला होता. तरी तीही उखाणा घ्यायची, तिचा स्वतःचा —

‘लाल मणी निवतो, निळा रंग खुलतो,
प्रकाशरावांच्या नावाला हात माझा थांबतो.’

आणि खरंच थांबायचा हो! त्या नावापाशी सळई क्षणभर हवेत स्थिर. तिच्या मण्यावर कधी रेघ म्हणून नसायची. युक्ती माझी, आणि डाग नाही तो तिच्या मण्यांना. कसं वाटेल तुम्हाला?

माझ्या मण्यांना डाग पडायचे. घाई — माझा जन्मजात रोग. मग मी काय करायची, माळ ओवताना डागाची बाजू आत वळवायची. गळ्यात घातल्यावर कोण बघतंय? मंदानं बघितलं. एका दुपारी, सगळ्यांसमोर, मॅडमसमोर, तिनं माझी माळ उचलली आणि एकेक मणी उलटा केला.

‘वहिनी, आमचे मणी चारी बाजूंनी मणी असतात. तुमच्या मण्यांना पाठ कशी काय?’

काय हसल्या सगळ्या! मॅडमसुद्धा. त्या दिवसापासून गाळ्यात माझं नाव ‘पाठवाल्या वहिनी’. चहा आणणारासुद्धा ‘पाठवाल्या वहिनींना कमी साखर’ म्हणायला लागला. मी हसले — सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. आणि मनात त्या वाक्याला गाठ मारून ठेवली. वेळ आली की हेच वाक्य परत करायचं, याच शब्दांत.

वेळ आली. मॅडम नवीन बायकांचा वर्ग सुरू करणार होत्या आणि शिकवायला आमच्यातलीच एक हवी होती. शिकवणारीला खिडकीजवळचं टेबल, आणि सगळ्यांनी ‘मॅडम’ म्हणायचं. मला ते हवं होतं. मंदालाही. फटकळ मंदा त्या आठवड्यात चक्क गोड बोलत होती, इतकं हवं होतं. ठरलं असं, की दोघींनी एका दिवसात तीस-तीस निळे मणी करायचे. जिचे स्वच्छ, ती शिकवणार.

गच्चीवर मी इथून पुढे सांगते, की मंदा त्या दिवशी टेन्शनमध्ये उखाणाच विसरली. लोक हसतात. ती विसरली नव्हती हो.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडे होते. मंदा कुणाला तरी उखाण्याची लय समजावून सांगत होती, हातात चमचा सळईसारखा धरून. आणि मी — आवाज अगदी मधाळ करून, गाळ्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा फेकीत — म्हटलं, ‘मंदे, नाव घ्यायला घरात माणूस लागतं ना गं? तू कुणाचं घेतेस, भिंतीवरच्या फोटोचं?’

हाच तो तुकडा.

कुणी हसलं नाही. मंदानं चमचा डब्यात ठेवला. झाकण लावलं. अर्धी पोळी तशीच होती.

तोंडातून निसटलं, असं म्हणू का? नाही निसटलं. तीन दिवस घोळवलं होतं मी ते. ‘तसबीर’ म्हणावं की ‘फोटो’, यावरसुद्धा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी मंदाचे ओठ मिटलेले. ती मनात आकडे मोजत होती. भरभर, कुणी मागे लागल्यासारखे. मी शेजारच्या टेबलावर माझा उखाणा दोनदा काय, तीनदा घेत होते, खणखणीत. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. बघा, सूड माणसाला काय काय शिकवतो!

रात्रभर भट्टी निवल्यावर सकाळी मॅडमनी ती उघडली. माझे चार मणी तडकलेले, बाकीचे स्वच्छ. मंदाच्या तीसपैकी एकोणीस मण्यांच्या पोटावर गोधडीची वीण, बारीक, स्पष्ट. ती एकेक मणी उचलून उजेडाकडे धरत होती. मी तिच्या खांद्याजवळ गेले. वाक्य तयारच होतं.

‘अगं बाई! मंदा, तुझ्या मण्यांना पाठ कशी काय?’

हशा! काय सांगू तुम्हाला — शब्द, वेळ, जागा, सगळं जिथल्या तिथे. रंगमंचावर आयुष्य काढलेल्यांनाही असं टायमिंग साधत नसेल. त्या हशाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. आजही वाईट दिवस गेला की मी तो प्रसंग काढते, पुन्हा ऐकते, आणि मला बरं वाटतं. मला पश्चात्ताप झाला असं लिहायला बसले होते. तसा तो नाही. जे आहे ते हे आहे.

खिडकीजवळचं टेबल माझं झालं. मंदाचं टेबल शेजारीच आहे. ती मला मॅडम म्हणते. आकडे आता बेतानं मोजते. मण्यांवर डाग नसतो. उखाणा तिनं त्यानंतर घेतलेला नाही, हळदीकुंकवाला नाही की कुणी आग्रह केला तरी नाही.

तो मी घेते. नव्या बायकांना तोच शिकवते, वेळेला तोच अचूक आहे. एकदा त्यात माझ्या नवऱ्याचं नाव घालून पाहिलं. मण्यावर वीण उमटली. माझ्या नवऱ्याच्या नावापाशी माझा हात थांबतच नाही. तेव्हा प्रकाशराव तसेच ठेवले.

परवा वर्गातल्या एकीनं विचारलं, ‘मॅडम, हे प्रकाशराव कोण? तुमचे मिस्टर?’

मंदा शेजारी होती. सळई हातात, टोकाला लाल मणी.

‘छे गं,’ मी म्हटलं. ‘कुणी नाही. लयीसाठी घातलंय.’

मंदाची सळई फिरत राहिली. लाली गेली, ओठ मिटलेलेच, आणि तिनं मणी गोधडीवर ठेवला — अगदी अलगद, वेळेवर.